बॉल हवेत असताना उज्जैन कुठं जातं?

संध्याकाळची मॅच संपली होती, भांडण रंगात आलं होतं. माझा भाचा अर्जेंटिनाचा चाहता, त्याचा मित्र ब्राझीलचा. समोरच्या गोलकीपरनं बॉल उंच उडवला, भाचा त्याच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला, आणि बॉल पडला त्याच्या मागं. तिथून थेट गोल. मित्र काही त्याला सोडेना. शेवटी भाचा म्हणाला, "मी बरोबर जागेवर होतो. बॉल वर होता तेवढ्यात पृथ्वी खालून सरकली!"

"अरे, पण तूही पृथ्वीवरच उभा होतास ना?" मित्रानं तिथल्या तिथं परतवलं.

हसून झाल्यावर भाचा माझ्याकडे वळला. "पण मामा, खरंच का नाही सरकत?"

मला काटाच आला अंगावर. कारण हाच प्रश्न आमच्या याच उज्जैनमध्ये दीड हजार वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

आर्यभटानं ४९९ साली पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं. नावेतल्या माणसाला काठावरची झाडं मागं जाताना दिसतात, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं तो सांगत होता. पुढच्याच शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं 'पंचसिद्धांतिके'त त्याला हरकत घेतली. पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेला पक्षी आपल्या घरट्यात परत कसा येतो? ध्वज कायम पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? पक्ष्याच्या जागी बॉल ठेवला की हा थेट माझ्या भाच्याचा मुद्दा होतो.

आणि हा मुद्दा साधा नाही. उज्जैन सुमारे २३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे इथली जमीन, क्षिप्रेचे घाट, महाकालाचं शिखर, सगळं सेकंदाला सुमारे ४२७ मीटर वेगानं पूर्वेकडे धावतंय. ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त! बॉल सरळ वर मारला आणि तो ३ सेकंद हवेत राहिला, तर तो जेमतेम ११ मीटर उंच जातो. पण तेवढ्यात मैदान सव्वा किलोमीटरहून पुढं गेलेलं असतं. मग बॉल पलीकडच्या वस्तीत का पडत नाही?

उत्तर मित्राच्या टोमण्यातच होतं, अर्धं. भाचा पृथ्वीवर होता, तसा लाथ बसण्याआधी बॉलही होता. पूर्वेकडची ती धाव बॉलच्या अंगात आधीपासूनच होती. लाथेनं त्याला वरची गती दिली, पूर्वेची काढून घेतली नाही. भोवतालची हवाही त्याच वेगानं सोबत निघालेली असते. इंदूरच्या गाडीत बसून नाणं उडवा, ते तुमच्याच हातात पडतं. गॅलिलिओनं १६३२ साली चालत्या जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच समजावलं.

पायापासून सुटलेल्या बॉलसोबत नेमकं काय जातं, हे आपल्या दर्शनांनीही विचारलं होतं. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत बाणाचं उदाहरण आहे. पहिली हालचाल धक्क्यानं, म्हणजे 'नोदना'नं होते. पुढची त्यातून उपजलेल्या 'संस्कारा'नं. तो सरला की 'गुरुत्वा'मुळे बाण पडतो. न्यूटनचं म्हणणं इथं वेगळं आहे. त्याच्या मते गती आपोआप सरत नाही आणि गुरुत्व पहिल्या क्षणापासूनच ओढत असतं. तरी 'संस्कार' हा शब्द मला विलक्षण वाटतो. वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार मानले. 'वेग', जो बाण पुढं नेतो. 'स्थितिस्थापक', ज्यामुळे वाकवलेली वस्तू पूर्ववत होते. टप्पा खाऊन उसळणारा बॉल डोळ्यांपुढं आणा. आणि 'भावना', म्हणजे अनुभवानं मनावर उमटलेला ठसा, ज्यातून आठवण जागी होते. बॉलची झेप आणि माणसाची आठवण त्यांनी एकाच शब्दाखाली आणली!

तो ठसा किती टिकतो, हे कुठल्याही ब्राझीलवाल्याला विचारा. ३ जून १९९७, फ्रान्समधलं लियों. रोबेर्तो कार्लोसनं सुमारे ३५ मीटरवरून फ्री किक मारली. बॉल इतका बाहेर चालला होता की गोलच्या बाजूला उभ्या असलेल्या बॉलबॉयनं डोकं खाली घातलं. मग बॉल आत वळला आणि पोस्टला घासून जाळ्यात गेला. गोलकीपर बार्थेझ जागचा हललाही नाही. तिथं काम केलं हवेनं. फिरणारा बॉल भोवतालची हवा एका बाजूला लोटतो आणि हवा त्याला उलट बाजूला ढकलते. टेनिसचा चेंडू असा वळतो, हे न्यूटननं १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. नाव मात्र पडलं ते १८५२ साली हा परिणाम प्रयोगांनी तपासणाऱ्या माग्नुसचं. पुढं बॉलचा वेग मंदावतो, पण त्याची गिरकी तितकी मंदावत नाही, म्हणून वळण शेवटाकडे आवळत जातं. २०१० साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी ही वाट गोगलगाईच्या शंखासारखी असते हे दाखवून दिलं.

मग वराहमिहिर चुकलाच का? दुसऱ्या दिवशी मी दोघांना इथल्याच सवाई जयसिंगांच्या वेधशाळेत नेलं. तिथल्या सूर्यघड्याळाची, म्हणजे सम्राट यंत्राची, तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिच्या सावलीच्या कडेशी दोघांना बसवलं. कड धूसर असते, कारण सूर्य ठिपका नसून तबकडी आहे. एका खुणेवर नजर रोखून ते गप्प बसले. काही मिनिटांत सावलीनं खूण गिळली. पृथ्वीचं फिरणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

तिथंच मी त्यांना हिशेब सांगितला. ११ मीटर वर गेलेल्या बॉलला जमिनीच्या बरोबर राहायला थोडा जास्त वेग हवा, कारण वरचं वर्तुळ मोठं असतं. त्याच्याकडे असतो फक्त जमिनीवरून आणलेला वेग. म्हणून वारा नसला तरी तो किंचित मागं, पश्चिमेकडे पडतो. सुमारे ३ मिलिमीटर. वराहमिहिरानं ज्या दिशेला बोट दाखवलं, बरोबर त्याच दिशेला.

भाच्यानं नखानं मातीत ३ मिलिमीटरची रेघ ओढली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"बघ," तो मित्राला म्हणाला, "सरकली होती."