दगडफुलाचा रंग : पक्का कोणता, उडणारा कोणता?

शाली, मफलर आणि लोकरी कापडाच्या बाजारात हल्ली 'नैसर्गिक रंग' या दोन शब्दांना चांगला भाव आहे. परदेशी खरेदीदार तर रंग कशापासून काढला, हे विचारूनच मालाला हात लावतो. हळद, नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांची माहिती आपल्या रंगरेज बंधूंना पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु दगडफुलानेही लोकर रंगते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. या रंगात कमाई किती आणि धोका कोठे, हे कारागीर आणि व्यापारी दोघांनीही समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

दगडफूल म्हणजे काय?

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. उर्दूत त्याला छडीला म्हणतात, युनानी हकीम त्याला उश्ना म्हणतात आणि कनौजच्या शमामा अत्तरातही ते पडते. नाव फूल असले तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांची ती कायमची भागीदारी आहे. बुरशी घर देते, शेवाळ उन्हातून अन्न तयार करते. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर त्याच्या हजारो जाती वाढतात. त्यांपैकी काही जातींतील आम्लांपासून रंग मिळतो. हा रंग लोकर आणि रेशीम यांवर चढतो, सुतावर नीट चढत नाही. तेव्हा मालेगाव-भिवंडीच्या सुती मालासाठी त्याचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

पहिली रीत : उकळून

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर खडकावरच्या दगडफुलाला क्रॉटल म्हणतात. तेथील बायका लोखंडी कढईत लोकरीचा एक थर, क्रॉटलचा एक थर अशी रचना करून, पाणी भरून काही तास शिजवीत. त्यातून विटकरी-तांबूस ते गडद तपकिरी रंग येई. हॅरिस ट्वीड या प्रसिद्ध कापडाचा जुना रंग आणि वास याच क्रॉटलचा.

या रीतीत तुरटी लागत नाही. दगडफुलातील आम्ल थेट लोकरीच्या धाग्याला धरते, म्हणून रंग पक्का बसतो. लोकर आधी धुऊन तिची चरबी काढावी, ओली करूनच भांड्यात घालावी आणि आच हळूहळू वाढवावी. खळखळा उकळल्यास किंवा गरम लोकर एकदम थंड पाण्यात टाकल्यास तिचा नमदा होतो. भांडे स्वयंपाकाचे वापरू नये.

दुसरी रीत : आंबवून

काही जातींपासून जांभळा आणि किरमिजी रंग निघतो, पण तो उकळून नव्हे. दगडफुलाचा चुरा दोन भाग पाणी व एक भाग अमोनिया यांच्या मिश्रणात बरणीत ठेवतात. हवा मिळावी म्हणून बरणी रोज उघडून हलवितात. तीन-चार आठवड्यांत रंग तयार होतो. पूर्वी अमोनियाऐवजी शिळे मूत्र वापरीत. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचे रुचेल्लाई घराणे याच रंगाच्या तिजारतीवर श्रीमंत झाले आणि त्यांचे आडनावही या रंगावरूनच पडले. ही विद्या त्यांच्या पूर्वजाने पूर्वेकडील मुलुखातून नेली, असे सांगितले जाते.

कोणती जात जांभळा रंग देईल, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. दगडफुलाची वरची साल नखाने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा एक थेंब टाकावा. तो भाग लाल झाला, तर ती जात या कामाची. किराणा दुकानातल्या दगडफुलात अनेक जाती मिसळलेल्या असतात. म्हणून एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी जुळेल, याची हमी कोणीही देऊ नये.

खरी अडचण

जांभळा रंग दिसायला फार देखणा, पण उन्हात उडतो. तपकिरी रंग टिकतो. दोन्ही 'नैसर्गिक', दोन्ही दगडफुलाचे, परंतु एकाच लेबलाखाली दोन्ही विकणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होय. परीक्षा कोणालाही करता येईल. रंगविलेल्या धाग्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून नमुना तीन आठवडे उन्हात ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की उत्तर मिळते.

दुसरी अडचण मालाची. एक किलो लोकरीला साधारण एक किलो सुके दगडफूल लागते आणि ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. खडकाला चिकटून वाढणाऱ्या जाती तर त्याहूनही कमी. स्कॉटलंडमध्ये कथबर्ट गॉर्डन यांनी १७५८ साली 'कडबेअर' नावाच्या जांभळ्या रंगाचे पेटंट घेतले. पुढे १७७७ साली जॉर्ज मॅकिंटॉश यांनी ग्लासगोत त्याचा कारखाना काढला. रेनकोटमुळे प्रसिद्ध झालेले चार्ल्स मॅकिंटॉश हे त्यांचेच पुत्र. थोड्याच काळात स्कॉटलंडचे खडक पुरेनात आणि दगडफूल नॉर्वे-स्वीडनहून आणावे लागले. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी रासायनिक जांभळा रंग शोधला आणि त्यानंतर हा धंदा मागे पडत गेला.

हॅरिस ट्वीडवाल्यांनी यातून शहाणपणाची वाट धरली. आज त्यांची बहुतेक लोकर गिरणीत रासायनिक रंगाने रंगते आणि ते क्रॉटलचे नाव सांगून माल विकत नाहीत. कापड शुद्ध लोकरीचे, बेटांवरच रंगविलेले व कातलेले आणि विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेले असले पाहिजे, एवढाच त्यांचा दावा आहे. १९९३ साली ब्रिटिश संसदेने त्यासाठी कायदाही केला. जेवढे खरे तेवढेच सांगितले, म्हणून त्यांचे नाव टिकले.

आपल्यासाठी सल्ला

कारागीर बंधूंना आमचे सांगणे असे की, दगडफुलाच्या रंगाची मोठी ऑर्डर घेऊ नये. थोड्या शाली, थोडे मफलर, चढ्या किमतीचा निवडक माल, एवढ्यापुरताच हा रंग ठेवावा. वादळ-पावसात पडलेल्या फांद्यांवरचे दगडफूल वेचावे. उभ्या झाडावरचे आणि खडकावरचे खरवडू नये. राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनोपज उचलणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

व्यापारी बंधूंनी बिलावर आणि लेबलावर रंग कोणत्या रीतीचा आहे ते लिहावे. जांभळा असेल तर 'उन्हापासून जपावे' ही सूचना न चुकता द्यावी. मालातला ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये हलाल नाही, हे आपण जाणतोच. रोजच्या धंद्यातही तोच हिशेब आहे. उडालेल्या रंगाची एक शाल परत आली की पुढच्या दहा ऑर्डरी जातात, आणि ऐब आधी सांगितला तर तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते.