वही रद्दीत जाण्याआधी

एप्रिल-मे महिना उजाडला की आमच्या खालापुरात रोज कुठे ना कुठे हळद असतेच. हल्ली हळदीला बेंजो नाहीतर डीजे. मांडवात शेजारी बसलेल्या बाईशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वरातीला ब्रास बँडच असायचा. लाल डगले, सोनेरी झालर, पुढे क्लॅरोनेट, मागे ट्रम्पेट आणि सगळ्यात शेवटी पोटाशी ढोल बांधलेला माणूस.

त्या बँडमध्ये आमचे आप्पा क्लॅरोनेट वाजवायचे. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. दिवसा नोकरी आणि लग्नसराईत बँड. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. तिच्यात बारीक अक्षरात सरगम लिहिलेली असायची. बरीचशी सिनेमातली गाणी, पण चार-दोन चाली त्यांच्या स्वतःच्या. नवरी घराच्या उंबऱ्याशी आली की वाजवायची एक चाल तर फक्त त्यांचीच होती.

आप्पा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी माळा आवरायला काढला. जुनी वर्तमानपत्रं, मुलांच्या शाळेच्या वह्या, असं सगळं रद्दीवाल्याच्या तराजूत घातलं. त्यात ती पुठ्ठ्याची वहीसुद्धा गेली. दुसरं कुणी नाही, मीच घातली. दोन दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "अगं, भावोजींची वही कुठे दिसत नाही ती?" तेव्हा माझ्या पोटात जो खड्डा पडला, तो अजून भरलेला नाही.

ही गोष्ट पुन्हा वर आली ती एका अमेरिकन बाईबद्दल वाचताना. तिचं नाव स्यू मिंगस. आपला नि तिचा काय संबंध, असं वाटेल. पण मैत्रिणींनो, तिच्याही पदरात एका गेलेल्या वादकाचे कागद पडले होते. तिने ते रद्दीत घातले नाहीत, एवढाच काय तो फरक!

पाठीमागे उभा राहणारा

तिचा नवरा चार्ल्स मिंगस. जन्म १९२२ चा, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातला. वाढला लॉस एंजेलिसजवळच्या वॉट्स नावाच्या वस्तीत. आई तान्हेपणीच गेली. सावत्र आई चर्चमध्ये न्यायची. तिथे लोक टाळ्या वाजवत, ओरडत, रडत गात. ते त्याच्या कानात कायमचं बसलं. तो जॅझ संगीतात बेस वाजवायचा.

बेस म्हणजे माणसापेक्षा उंच असं व्हायोलिनच्या आकाराचं वाद्य. जाड तारा, उभं राहून बोटांनी छेडायच्या. त्याचा आवाज खोल आणि घुमणारा. आपल्या भजनात डग्गा जे काम करतो आणि तंबोरा जे काम करतो, ती दोन्ही कामं हा बेस एकटा करतो. तो चालू असताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. थांबला की मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. घरातल्या बाईसारखंच की!

पण मिंगस नुसता मागे उभा राहणारा नव्हता. तो स्वतः रचना करायचा, आणि त्याच्या रचनांमध्ये जगातलं सगळं असायचं. १९५९ मध्ये लेस्टर यंग हा थोर सॅक्सोफोनवादक गेला, तर मिंगसने त्याच्यासाठी 'गुडबाय पोर्क पाय हॅट' ही रचना केली. लेस्टर नेहमी घालायचा त्या टोपीचं ते नाव. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरने नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरू दिलं नव्हतं. मिंगसने त्याच्यावर चिडून रचना केली आणि तिला त्याचंच नाव दिलं. माणूस तापट होता, मारामारीवर यायचा. थोर बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन याला तो देव मानायचा, पण त्याच्याही बँडमधून मारामारीपायीच त्याला जावं लागलं. त्याच्याबरोबर संसार करणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं.

स्यू त्याला १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भेटली. ती काही जॅझमधली कुणी नव्हे. लिहिणारी, पुढे स्वतःचं मासिक काढणारी बाई. पुढे दोघांनी लग्न केलं. १९७७ च्या अखेरीस मिंगसच्या दुखण्याचं निदान झालं. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना जो आजार होता तोच. एकेक स्नायू निकामी होत जातो, डोकं मात्र लख्ख असतं. ज्या बोटांनी त्या जाड तारा वाकवल्या ती हलेनात. तेव्हा तो चाकांच्या खुर्चीत बसून टेपरेकॉर्डरमध्ये चाली गुणगुणायचा. ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोमध्ये तो गेला. वय अवघं ५६.

आणि आता ऐका. त्याची इच्छा होती की त्याच्या अस्थी गंगेत सोडाव्यात. स्यू त्या घेऊन भारतात आली आणि तिने त्या आपल्या गंगेत सोडल्या. कुठली ॲरिझोना, कुठली गंगा! पण अस्थी सोडून हात धुवून घरी गेलेल्या बाईचं खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

पेटीतले कागद

घरात कागदांचे ढीग होते. तीनशेच्या आसपास रचना. काही पूर्ण, काही अर्धवट. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांची नीट यादी करायचं काम सुरू झालं, तेव्हा एका प्रचंड रचनेची पानं हाती लागली. चार हजारांहून जास्त मात्रागट, दोन तासांपेक्षा मोठं संगीत, ३० वादकांसाठी लिहिलेलं. नाव 'एपिटाफ', म्हणजे समाधीवरचा लेख.

या रचनेचा एक भाग मिंगसने हयातीत, १९६२ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवायचा प्रयत्न केला होता. तयारी इतकी अपुरी होती की कार्यक्रम सुरू झाला तरी वादकांच्या पुढ्यातले कागद नकलून व्हायचे होते! नकलणारे लोक मंचावर बसून लिहितायत आणि इकडे वाजवणं चालू. व्हायचा तो फज्जा झाला. मिंगसने ते कागद गुंडाळून ठेवले. आपलं हे काम आपण मेल्यावरच वाजेल, असं त्याला वाटायचं.

तसंच झालं. ३ जून १९८९ ला, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये गुंथर शुलर यांनी ३० वादक घेऊन ते सगळं वाजवलं. पुढे १९९३ मध्ये मिंगसचे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, जमा झाले. जे माळ्यावर कुजलं असतं ते देशाच्या ठेव्यात गेलं.

दर गुरुवारी

पण मला स्यूचं जास्त कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कागद कपाटात ठेवले म्हणजे संगीत जगलं, असं तिने मानलं नाही. लोणच्याची कृती वहीत लिहिली म्हणून लोणचं मुरत नाही, ते घालावं लागतं. संगीताचंही तेच.

मिंगस गेला त्याच वर्षी तिने त्याच्याबरोबर वाजवलेल्या मंडळींचा सात जणांचा एक संच उभा केला होता. १९९१ मध्ये तिने आणखी मोठा घाट घातला आणि १४ वादकांचा 'मिंगस बिग बँड' सुरू केला. बिग बँड म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या रांगाच्या रांगा. आपला वरातीचा बँड खुर्च्यांवर बसवून प्रत्येकापुढे कागद ठेवला, असं समजा. न्यूयॉर्कमधल्या एका कॅफेच्या तळघरात हा बँड दर गुरुवारी वाजायचा. एका गुरुवारी गर्दी कमी, पुढच्या गुरुवारी जास्त, पण वाजायचा. मिंगसबरोबर वाजवलेले जुनेजाणते त्यात असायचे आणि त्याला कधी पाहिलेलंही नाही अशी तरणी पोरंही. कागदावर जे लिहिता येत नाही, म्हणजे कुठे ओरडायचं, कुठे सगळ्यांनी एकदम सुटायचं, कुठे एकट्याला मोकळं सोडायचं, ते जुन्यांकडून नव्यांकडे गेलं.

१९९३ मध्ये या बँडचा पहिला अल्बम आला, 'नोस्टॅल्जिया इन टाइम्स स्क्वेअर'. सगळ्या रचना मिंगसच्या, वाजवणारे त्याचे वारस. पुढे असे अनेक अल्बम निघाले. २००८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री एका क्लबमध्ये प्रेक्षकांसमोर वाजवलेल्या कार्यक्रमाच्या अल्बमला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. माणूस जाऊन ३२ वर्षं झालेली, आणि त्याच्या चालींना पुरस्कार!

बाई भलतीच खमकी होती हं. मिंगसच्या कार्यक्रमांच्या चोरून काढलेल्या रेकॉर्डी बाजारात विकल्या जायच्या. पॅरिसच्या एका दुकानात तिला त्या दिसल्या, तर तिने सरळ उचलल्या आणि पैसे न देता चालू पडली. आपल्याच घरातला चोरीचा माल तो, त्याचे पैसे कसले द्यायचे? एवढ्यावर थांबली नाही. तेच कार्यक्रम स्वतः कमी किमतीत बाजारात आणले आणि त्या कंपनीचं नावच ठेवलं 'रिव्हेंज', म्हणजे सूड! हे सगळं सांभाळत ती ९२ वर्षांची होऊन सप्टेंबर २०२२ मध्ये गेली. बँड तिच्याबरोबर संपला नाही.

आपल्या मुंबईतले

हे वाचताना सारखं वाटत होतं, आपल्याकडे काय झालं? जॅझ आपल्यालाही परकं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा काळा व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. आपल्या गोव्याच्या पोरांनी ते संगीत ऐकलं आणि उचललं. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वर कागदावर लिहायला-वाचायला शिकवायचे, त्यामुळे ती तयारी त्यांच्याकडे होतीच. हीच मंडळी पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली.

पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र घ्या. त्यांच्या गाण्यांत जो नवा थाट आला, त्यामागे हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी आजही वरातीत वाजतात, पण वाजवणाऱ्यांना तरी ते नाव ठाऊक असतं का? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवायचे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांच्यामुळे. सगळ्या देशाने ते नाव ओठांवर घोळवलं, पण असा माणूस खरोखर आहे, हे किती जणांना माहीत होतं? २०१२ मध्ये ते गेले. या मंडळींनी रात्र-रात्र बसून लिहिलेले कितीतरी कागद जपले गेलेच नाहीत. गाणं उरलं, पण ते बांधणाऱ्याचं नाव आणि कागद हरवले. त्यांना कुणी स्यू भेटली नाही, एवढंच म्हणायचं.

पण भेटते कधी कधी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. दळण गिरणीत गेलं, पण ओवी राहिली आणि ओवीवालीचं नावही राहिलं.

म्हणून सांगते, घरातलं कुणी गेलं की आपण दागिन्यांची यादी करतो, भांड्यांची वाटणी करतो. कागदांकडे शेवटी बघतो, तेही माळा आवरताना. एवढं करा की रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक वही एकदा उघडून बघा. चाली, ओव्या, हळदीची गाणी, पाककृती, काहीही निघेल. वर माणसाचं नाव, गाव आणि साल लिहा. आता हातात मोबाइल आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज पाच मिनिटं तरी टिपून ठेवा. आणि मुख्य म्हणजे नुसतं ठेवू नका. वर्षातून एकदा तरी गा, वाजवा, करा.

परवा मी सासूबाईंना जवळ बसवलं. म्हटलं, "आई, आप्पांची ती उंबऱ्यावरची चाल म्हणून दाखवा ना." त्या आधी लाजल्या. मग पदर सावरून गुणगुणायला लागल्या. माझ्या लेकाने मोबाइलवर धरलं. पहिल्या दोन ओळी सुरेख आल्या. तिसरीशी त्या अडकल्या. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडकल्या.

"पुढचं वहीत होतं गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला दोष दिला नाही. पण ती तिसरी ओळ आता कुठेच नाही. उरलेल्या दोन मात्र आहेत. पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न आहे. ती उंबऱ्याशी येईल तेव्हा बेंजोवाल्यांना दोन मिनिटं गप्प बसवायचं आणि त्या दोन ओळी वाजवून घ्यायच्या, असं मी ठरवलंय.