अक्षरांचा कारखाना आणि धंद्याचा हेतू

हातच्या कसबावर छोटासा धंदा उभा करणाऱ्या माणसाची, मग तो चाकावर मडकी घडविणारा असो, हातमागावर लुगडी विणवून घेणारा असो की वर्षाकाठी चार पुस्तके काढणारा प्रकाशक असो, पहिली काही वर्षे एकाच विवंचनेत जातात, आणि ती म्हणजे महिनाअखेरीस जमेची बाजू खर्चाला पुरी पडते की नाही ही होय. ही विवंचना थोडी निवली, चार गिऱ्हाइके बांधली गेली, उधारी वसूल होऊ लागली, म्हणजे मग एक दुसराच प्रश्न त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. पोट तर भरू लागले. पण हे सारे आपण करतो आहोत ते कशाकरिता? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर धंदा सुरू होण्यापूर्वीच शब्दांत बांधून भिंतीवर लावण्याची रीत पडली आहे. ती रीत मला उलटी वाटते. कसबी माणसाच्या धंद्यातला हेतू बहुधा त्याच्या कामातच कोठेतरी दडलेला असतो. ज्या ठिकाणी घाई करायला त्याचा हात धजत नाही, त्या ठिकाणी तो पहिल्याने दिसतो, आणि पुढे वहीत त्याच्या नावावर रकमा पडू लागल्या म्हणजेच तो खरा ठरतो. हे म्हणणे स्पष्ट करण्यास मुंबईच्या ज्या एका कारागिराचे चरित्र मला सर्वांत उपयोगी वाटते, ते निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे होय.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतल्या एका गरीब कुटुंबातला. शालेय शिक्षण म्हणण्यासारखे काही झाले नाही, आणि ज्या वयात मुले धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवितात, त्या वयात हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या दरमहावर खिळे घासण्याच्या कामाला लागला. खिळे घासणे हे काम वरवर पाहता अगदी हलक्या दर्जाचे. परंतु मुद्रणाची सारी अब्रू त्यावर अवलंबून असते. साच्यातून नुकताच पडलेला शिशाचा खिळा कडांना खरबरीत असतो. तो दगडावर घासून त्याच्या बाजू सपाट कराव्या लागतात, आणि हे करताना ओळीतल्या शेकडो खिळ्यांशी त्याचे माप तंतोतंत जुळेल अशी दक्षता घ्यावी लागते. एखादा खिळा केसभर उंच राहिला तर तो कागदाला भोसकतो, केसभर ठेंगणा राहिला तर त्याचे अक्षर उमटतच नाही, आणि एखाद्याची कड तिरपी राहिली तर सबंध ओळ वाकते. ज्या मुलाला वाचायला धड येत नव्हते त्याच्या बोटांना अक्षराचा न्याय-अन्याय असा वर्षानुवर्षे कळत गेला, ही गोष्ट मला त्याच्या पुढच्या साऱ्या कर्तृत्वाची गुरुकिल्ली वाटते.

त्या काळी नागरी अक्षरांची छपाई ही साधी बाब नव्हती. १८१६ च्या सुमारास मिशनने मुंबईत छापखाना घातला तेव्हा नागरी खिळे बंगालकडून आणवावे लागले होते, आणि ते आकाराने मोठे नि वळणाने बोजड असत. रोमन लिपीला मोठी नि लहान अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून शे-सव्वाशे खिळे पुरतात. नागरीला मात्र काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचा परिवार सांभाळावा लागत असल्यामुळे जुळाऱ्याच्या पुढ्यात कित्येक शे घरांचा पसारा मांडावा लागे. कोणी मात्रा व अनुस्वार स्वतंत्र खिळ्यांवर पाडून ते अक्षराच्या डोक्यावर बसवीत. मग ती छोटी चिन्हे छापताना मोडत, हलत, गळून पडत. कोणी मात्रेसकट अखंड अक्षर एकाच खिळ्यावर पाडीत; मग खिळ्यांची संख्या बेसुमार वाढे. या दोन अडचणींच्या मधून वाट काढण्याचे पुष्कळसे श्रेय मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहम यांना जाते, आणि त्यांच्याच देखरेखीखाली जावजींची उमेदवारी झाली.

मुंबईत एतद्देशीयांच्या मुद्रणाचा पाया गणपत कृष्णाजींनी त्यापूर्वीच घातला होता. त्यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले, आणि छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नाहीत हे पाहून शाईत तूप घातले, अशी त्यांच्याविषयीची हकीकत प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाच्या मनातल्या अडसराला उपहासाने न हसता त्यावर कारागिरीने उपाय शोधणे, ही त्या पिढीच्या धंद्याची रीत होती, आणि जावजी त्याच परंपरेत वाढले.

दुसऱ्यांच्या छापखान्यांतून चाकरी करीत करीत १८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी आधी छापखाना काढला नाही. आधी खिळे पाडले, आणि छापखाना त्यानंतर पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, निघाला. छापखाना काढणे अधिक मानाचे होते, आणि दुसऱ्याचे खिळे विकत घेऊन ते लवकर साधलेही असते. परंतु त्यांना जे येत होते आणि ज्याची उणीव त्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवत होती, तिथूनच त्यांनी आरंभ केला. या कामी त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा असामान्य कारागीर लाभला. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरणे, त्यावर भट्टीचे पाणी देऊन ते कठीण करणे, तो ठसा तांब्यात ठोकून मातृका तयार करणे, आणि त्या मातृकेत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा पाडणे, असा हा क्रम असतो. यात पहिली पायरी कोरणाराच्या नजरेची आणि बाकीच्या पायऱ्या सोशिकपणाच्या. राणोजींच्या हाताला जे वळण होते ते लेखणीच्या वळणाशी इमान राखणारे होते: आडव्या-उभ्या रेघांच्या जाडीतील प्रमाण, गाठीचा गोलावा, जोडाक्षरातल्या दोन व्यंजनांची दाटी न होऊ देता साधलेली जवळीक. निर्णयसागरी खिळ्यांची मागणी पुढे मुंबईबाहेरच्या छापखान्यांतूनही होऊ लागली, आणि नागरी मुद्रणाचे सौंदर्य मोजण्याचे ते एक प्रमाणच होऊन बसले.

येथवरची कथा कर्तबगार कारागिराची आहे. हेतूचा उलगडा होतो तो यापुढे. काळबादेवीच्या बाजूला कोळभाट गल्लीत चालणाऱ्या या छापखान्यातून घरोघर खपणारे पंचांग निघे. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक १८८१ पासून निघू लागले. आणि खिळ्यांची विक्री चालूच होती. मिळकतीची ही साधने पक्की झाल्यावर जावजींना गाड्या-घोडे बाळगण्याची मुभा होती. त्यांनी १८८६ साली ‘काव्यमाला’ काढली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली, हस्तलिखितांत धूळ खात पडलेले संस्कृत-प्राकृत ग्रंथ मासिकाच्या रूपाने क्रमाक्रमाने छापण्याचा हा उद्योग होता. त्याआधी सरकारने मुंबईत संस्कृत ग्रंथमाला चालविली होती. पण तिच्या मागे शिक्षणखात्याची तिजोरी होती. येथे शाळा न शिकलेला एक छापखानदार आपल्या धंद्याच्या बळावर हे काम अंगावर घेत होता.

आणि ग्रंथ तरी कोणते! १८८८ मध्ये जगन्नाथ पंडिताचा ‘रसगंगाधर’. १८८९ मध्ये हालाची ‘गाथासप्तशती’, जिचा मूळपाठ तोवर आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने रोमन लिपीत छापला होता आणि जी आता महाराष्ट्री प्राकृताच्या स्वतःच्या भूमीत नागरी वेषात अवतरली. त्याच वर्षी काव्यमालेबाहेर सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’. १८९१ मध्ये आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’, अभिनवगुप्ताच्या ‘लोचना’सह. संस्कृत साहित्यशास्त्राची जी चर्चा विसाव्या शतकात आपल्या विद्यापीठांतून झाली, तिच्या पायाशी हे ग्रंथ आहेत.

मासिकाचे रूप घेण्यात जावजींनी दाखविलेले व्यावहारिक शहाणपण मला फार मोलाचे वाटते. जाडजूड ग्रंथ एकदम छापला तर कागद, जुळणी, बांधणी यांत मोठे भांडवल गुंतून पडते, आणि तो घेण्याइतका पैसा शास्त्र्यापाशी वा विद्यार्थ्यापाशी एका वेळी नसतो; तोच मजकूर वर्गणीदारांना महिन्या-महिन्याला पोचविला तर छापखान्याला काम नियमित मिळते, पैसा आधी येतो, आणि वाचणाऱ्यावर भार पडत नाही. हेतूने धंद्याचे रूप ठरविले आणि धंद्याच्या रूपाने हेतू जगविला. ‘समाजाकरिता काहीतरी करावे’ या मोघम इच्छेपेक्षा ही तजवीज कितीतरी अधिक सात्त्विक आहे असे मला वाटते, कारण तिच्यात दुसऱ्याच्या खिशाचा विचार आहे.

याच काळात इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८९१ मध्ये हॅमरस्मिथला केल्म्स्कॉट छापखाना काढला होता. मॉरिस कवी, नकशीकार आणि समाजवादी. यंत्रयुगाने कारागिराचे जे अवमूल्यन केले त्याविरुद्ध त्याचे बंड होते, आणि १८९६ मध्ये त्याने काढलेला चॉसरच्या समग्र ग्रंथांचा खंड ही मुद्रणकलेच्या इतिहासातील एक अपूर्व वस्तू आहे. परंतु त्याच्या चारशे पंचवीस कागदी प्रती निघाल्या, आणि प्रतीची किंमत वीस पौंड होती. ज्या श्रमिकाच्या आनंदाकरिता हा खटाटोप, त्याच्या घरी ते पुस्तक जाणे शक्य नव्हते. मॉरिसची योग्यता मी कमी लेखीत नाही, आणि त्याच्या पुस्तकांनी पुढच्या मुद्रकांची नजर सुधारली हेही खरे. तरी सुबकपणा आणि स्वस्ताई यांची सांगड घालण्याचा जो अवघड प्रश्न त्याला सुटला नाही, तो कोळभाट गल्लीत बऱ्याच अंशी सुटला होता.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याकडचेच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला. देवदेवतांची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सामान्य माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत नेण्याचा त्यांचा हेतू निःसंशय उदात्त होता, आणि तो सफळही झाला. पण चित्रकाराच्या हाती धंद्याची सूत्रे टिकली नाहीत, प्लेगच्या दिवसांत कारभार विस्कटला, कर्ज वाढले, आणि नव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. चित्रे घरोघर पोचली, परंतु कारखाना हातचा गेला.

आजच्या कसबी उद्योजकाने या चरित्रांकडे पाहावे ते अनुकरणाकरिता नव्हे. आपल्या कामातली कोणती गोष्ट बिघडलेली पाहवत नाही, हे त्याने प्रथम पाहावे. खिळा तिरपा राहिलेला जावजींना पाहवत नव्हता. त्या गोष्टीकरिता आपण किती वेळ आणि किती पैसा देतो, हे वहीत शोधावे; आणि वहीत ती रक्कम सापडली नाही तर आपला हेतू अजून बोलण्यापुरताच आहे असे समजावे. मग ज्या मिळकतीच्या कामावर हा खर्च निभेल ते काम कमी प्रतीचे मानू नये. पंचांग छापणे आणि ‘ध्वन्यालोक’ छापणे यांत उच्च-नीच मानणारा छापखानदार दोन्ही नीट छापू शकणार नाही. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘मौज’ प्रकाशनाच्या पुस्तकांची मुद्रिते ज्या काटेकोरपणे तपासली जात, त्याची ख्याती मराठी वाचकाला ठाऊक आहे. ती ख्याती मुद्रितशोधकाच्या वेतनाचा आणि उशिराने निघालेल्या पुस्तकांचा खर्च सोसूनच मिळते.

खिळ्यांचे युग आता संपले, परंतु अक्षरांचा प्रश्न संपला नाही. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकाकरिता ‘मंगल’ हा नागरी टंक घडविला, तेव्हा मात्रा कोठे बसवावी आणि जोडाक्षर कसे मोडावे हे ग्रॅहम-जावजींच्या पिढीचेच कोडे त्यांच्यापुढे नव्या रूपात आले होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षरकारांच्या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’ असे टंक काढून ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले आहेत. खेड्यातल्या शाळेची पत्रिका, एखाद्या बचतगटाच्या लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, कोणा नवकवीचा पहिला संग्रह, या सर्वांना चांगले अक्षर आता दाम न मोजता मिळू शकते, आणि मागणीनुसार करून दिलेल्या अक्षरांचे मोल घेणारा व्यवसायही त्याच छपराखाली चालतो.

जावजी १८९२ साली, त्रेपन्नाव्या वर्षी वारले. ‘काव्यमाला’ थांबली नाही. चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारखाना हाती घेतला, पंडित शिवदत्तांनी परबांसह संपादन चालविले, आणि दोनच वर्षांनी भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ काव्यमालेचा बेचाळिसावा ग्रंथ म्हणून निर्णयसागरातून छापून बाहेर पडले.