सज्जता आणि प्रारंभ : प्रतिक्रियाकालाचा एक विचार

जुलै २०२२ मध्ये युजीन येथील जागतिक मैदानी स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीतून डेव्हन ॲलन हा अमेरिकन धावपटू बाद ठरविण्यात आला. त्याचा प्रतिक्रियाकाल ०.०९९ सेकंद नोंदला गेला होता. नियमाची मर्यादा ०.१०० सेकंद होती. ह्याहून कमी वेळात इशारा ऐकून हालचाल करणे मनुष्यास शक्य नाही, असे ह्या नियमामागील गृहीत आहे. ते कितपत ग्राह्य मानावे?

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ डाँडर्स ह्याने १८६८ साली असे दाखविले की, एकच ठरलेली प्रतिक्रिया देण्यापेक्षा अनेकांतून निवड करून प्रतिक्रिया देण्यास अधिक काळ लागतो. परंतु कृती आधीच ठरलेली असेल, तर निवडीचे कार्य इशाऱ्यापूर्वीच उरकलेले असते. ह्या पूर्वतयारीची खूण १९६४ साली ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर व त्याचे सहकारी ह्यांस आढळली. पूर्वसूचनेचा ध्वनी आणि कळ दाबण्याचा इशारा ह्यांमधील सुमारे एक सेकंदाच्या अवधीत मेंदूच्या पुढील भागावर एक मंद ऋण विद्युद्विभव वाढत जातो व प्रतिक्रिया देताच तो ओसरतो. अर्थात, प्रतीक्षा ही निष्क्रियता नव्हे.

ह्यापुढील पाऊल १९९९ साली व्हाल्स-सोले व सहकाऱ्यांनी टाकले. त्यांनी १४ निरोगी व्यक्तींना प्रकाशाचा इशारा दिसताच मनगट हलविण्यास किंवा चवड्यांवर उभे राहण्यास सांगितले. मधूनमधून त्या इशाऱ्याबरोबर दचकविणारा मोठा आवाज केला. तेव्हा प्रतिक्रियाकाल जवळजवळ निम्म्यावर आला. परंतु स्नायूंच्या क्रियेचा आकृतिबंध मात्र बदलला नाही. म्हणजे ती केवळ दचकण्याची क्रिया नव्हती. सिद्ध करून ठेवलेली ऐच्छिक हालचालच लवकर मुक्त झाली होती. हे कार्य मेंदूच्या बाह्यकाखालील केंद्रांकडून होते की त्यात बाह्यकाचाही वाटा असतो, ह्याविषयी अद्याप मतभेद आहेत.

तथापि एक गोष्ट स्पष्ट होते : हालचाल सिद्ध करणे आणि तिला प्रारंभ देणे ह्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. प्रतिक्रियाकाल मुख्यतः दुसरीचे माप देतो, आणि ते माप इशाऱ्याच्या तीव्रतेनुसार व पूर्वतयारीनुसार बदलते. म्हणून ०.१०० सेकंद ही मर्यादा शर्यतीच्या शिस्तीसाठी सोयीची असली, तरी तीस मज्जासंस्थेचा अटळ नियम समजणे युक्त होणार नाही.