मुलाखतींतून इंग्रजी शब्दसंपत्ति

इंग्रजी शब्दसंपत्ति वाढवावयाची म्हणजे शब्दांच्या याद्या पाठ करावयाच्या, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून अद्याप दृढ आहे. आम्ही स्वतः अमरकोश घोकून वाढलों, त्यामुळें पाठांतराची निंदा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व इच्छाहि नाहीं. परंतु यादीनें शब्दाची ओळख होते, सहवास घडत नाहीं; आणि सहवासावांचून शब्दाचा स्वभाव कळत नाहीं. हें आम्हांस फार उशिरां, आणि तेंहि स्वतःच्या फजितीमुळें कळलें.

रात्रीच्या जेवणानंतर लहानथोर मंडळींनीं मिळून एखादी इंग्रजी मुलाखत ऐकावी, असा आमच्या घरीं परिपाठ आहे. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, त्यानंतरची गोष्ट. पाश्चात्य राष्ट्रांनीं योजलेल्या उपायांविषयीं एक मुत्सद्दी बोलत होते व त्यांच्या बोलण्यांत 'सँक्शन्स' हा शब्द वारंवार येत होता. धाकट्या नातीनें अर्थ विचारिला. रजेच्या अर्जावर तो शब्द आम्हीं उभा जन्म पाहिलेला. तेव्हां 'मंजुरी' असें तत्काळ सांगून मोकळे झालों. ती थोडा वेळ ऐकत राहिली व मग म्हणाली, "आजोबा, मंजुरीच मिळाली असेल, तर रशियाला राग कां यावा?" सगळी मंडळी हंसली. आम्हीहि हंसलों, पण निजण्यापूर्वीं कोश उघडून पाहिला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विधिपूर्वक पक्कें करणें असा; त्यांतून एकीकडे 'मान्यता' आणि दुसरीकडे 'नियम मोडणाऱ्यास दंड' असे दोन उलट अर्थ निघाले. आंतरराष्ट्रीय राजकारणांत दुसराच चालतो. दुसऱ्या रात्रीं सर्वांसमक्ष आम्हीं आपली चूक कबूल केली.

या प्रसंगांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, नातीनें कोश पाहिला नव्हता. बोलणाऱ्याचा स्वर आणि मागचीं पुढचीं वाक्यें यांवरूनच आमचा अर्थ तेथें बसत नाहीं, हें तिनें ओळखलें. आपल्या शास्त्रकारांनीं शब्दार्थ कळण्याचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत वृद्धव्यवहारास मोठें स्थान आहे. एक वडील माणूस दुसऱ्यास 'गाय आण' म्हणतो. तो गाय आणतो. बाजूस बसलेलें मूल पाहतें. मग 'गाय बांध', 'घोडा आण' असें बोलणें होतें. एक शब्द निघतो, दुसरा येतो, त्याबरोबर कृति बदलते, आणि मुलास 'गाय' कोणती व 'आण' म्हणजे काय, हें वेगवेगळें उमगतें. मुलाखत हा असाच वृद्धव्यवहार आहे. भाषणांत वक्ता एकदां शब्द उच्चारून पुढें जातो. मुलाखतींत प्रश्न करणारा त्याला अडवितो, "म्हणजे नेमकें काय?" असें विचारतो, आणि तोच शब्द तीन वेळां तीन वेषांत श्रोत्यापुढें येतो. बीबीसीचा 'हार्डटॉक' हा कार्यक्रम १९९७ पासून २०२५ पर्यंत चालला, तो अशाच अडवणुकीसाठीं प्रसिद्ध होता.

हवामानबदलाचा विषय या अभ्यासास विशेष सोयीचा आहे, कारण त्यांतील शब्द थोडे असून पुन्हां पुन्हां येतात. प्रथम 'वेदर' आणि 'क्लायमेट' घ्या. मराठींत दोहोंस आपण 'हवामान'च म्हणतों. आज पाऊस पडेल कीं नाहीं, हें वेदर. एखाद्या प्रदेशाची साधारण तीस वर्षांची सरासरी पाहून जें ठरतें, तें क्लायमेट. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ सालची. त्याची सिमल्याची कचेरी १९२८ सालीं पुण्यास आली व पुणेकर अजून तिला 'सिमला ऑफिस' म्हणतात. अशा खात्याच्या दीर्घ काळच्या नोंदी नसत्या, तर दुसऱ्या शब्दास अर्थच राहिला नसता. 'सायक्लोन' हा शब्द तर आपल्याच देशांत जन्मला. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनीं वेटोळें घातलेल्या सर्पावरून, ग्रीक भाषेच्या आधारें, तो १८४८ च्या सुमारास प्रचारांत आणिला. 'मॉन्सून' हा आपल्या 'मोसम' शब्दाचाच परदेशीं गेलेला भाऊबंद. दोघांचें मूळ अरबी.

पुढें 'मिटिगेशन' व 'अ‍ॅडॅप्टेशन' ही जोडी येते. स्पर्धापरीक्षेस बसणाऱ्या आमच्या एका पुतण्यास दोहोंचे कोशगत अर्थ पाठ होते, तरी समुद्रकांठीं बांध घालणें हें कशांत मोडतें, असें विचारतांच तो घोटाळला. धूर व उष्णता वाढविणारे वायु कमी सोडणें, म्हणजे रोगाच्या कारणावरच घाव घालणें, हें मिटिगेशन. रोग आलाच आहे तर पथ्य बदलून जगणें, म्हणजे बांध घालणें किंवा अवर्षणांत तगणारें बियाणें पेरणें, हें अ‍ॅडॅप्टेशन. एका मुलाखतींत हे शब्द समोरासमोर ऐकल्यावर त्याची पुन्हां चूक झाली नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? शब्दांवर राष्ट्रांचें हिताहित अवलंबून असतें, म्हणून. १९६७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें २४२ क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलनें व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, या कलमांत 'टेरिटरीज' शब्दामागें इंग्रजींत 'द' नाहीं. त्यामुळें सर्व प्रदेश कीं कांहीं, हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. पॅरिस येथें १२ डिसेंबर २०१५ रोजीं करार मंजूर होण्यापूर्वीं, श्रीमंत देशांच्या कर्तव्याविषयींच्या एका कलमांत 'शॅल' पडल्याचें आढळून आलें. अमेरिकेच्या आग्रहावरून तेथें 'शुड' घालण्यांत आला, तेव्हां गाडी पुढें सरकली. 'केलेंच पाहिजे' आणि 'करावें' यांतलें हें अंतर आहे. ग्लासगो येथें नोव्हेंबर २०२१ मध्यें कोळशासंबंधीं 'फेज आउट' जाऊन 'फेज डाउन' आलें. हा बदल भारताच्या वतीनें मंत्री भूपेंद्र यादव यांनीं मांडिला. पहिल्याचा अर्थ हळूहळू बंद करणें, दुसऱ्याचा हळूहळू कमी करणें. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ त्या वेळीं दाटून आला. ज्यास 'आउट' आणि 'डाउन' यांतील भेद कळत नाहीं, त्याला त्या सभेंत काय घडलें व भारतानें तो आग्रह कां धरिला, यावर अनुकूल वा प्रतिकूल मत तरी कसें बनवितां येईल?

त्याचप्रमाणें 'साइन' आणि 'रॅटिफाय'. सही करणें निराळें व देशाच्या रीतीप्रमाणें ती कायम करणें निराळें. १९९७ च्या क्योटो करारावर अमेरिकेनें सही केली, पण तो कायम कधींच केला नाहीं. पॅरिसचा करार भारतानें २ ऑक्टोबर २०१६ रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, कायम केला.

आतां रीत सांगतों. दहा मिनिटांहून मोठा भाग घेऊं नये. पहिल्यानें कोश मिटून नुसतें ऐकावें. दुसऱ्या वेळीं अडलेला शब्द एकटा न लिहितां सबंध वाक्य वहींत उतरावें, म्हणजे 'अ‍ॅडॅप्ट' च्या पाठीमागून 'टू' येतो, हें आपोआप बसतें. मग अर्थाचा तर्क करून तो समासांत लिहावा, आणि शेवटीं कोश पाहावा. तर्क चुकला असल्यास खोडूं नये. ती चूकच शब्द लक्षांत ठेविते. 'एमिट' मिळाल्यावर 'एमिशन', 'एमिटर' हीं त्याचीं भावंडें शोधावीं. धातूवरून रूपें साधण्याची संवय आपल्या घरांतून नवी नाहीं. तिसऱ्या दिवशीं दोघांनीं समोरासमोर बसून तीच मुलाखत आपल्या शब्दांत करावी.

आमच्या घरीं प्रश्न विचारण्याचें काम सध्यां धाकट्या सूनबाईंकडे आहे. त्या मराठी शाळेंत शिकल्या, व इंग्रजी येत नाहीं अशा संकोचानें बारा वर्षें चारचौघांत गप्प असत. गेल्या महिन्यांत 'लॉस अँड डॅमेज' या विषयावर आम्ही मुत्सद्दी झालों होतों. २०२२ सालीं शर्म-अल-शेख येथें ज्या निधीचें ठरलें, त्याचा मोघम गौरव आम्हीं चालविला असतां त्यांनीं आम्हांस इंग्रजींत थांबवून विचारिलें, "पण पैसे कोण देणार, आणि द्यावेच लागतील कीं दिले तर चालतील?" 'शॅल' आणि 'शुड' यांचा भेद त्यांना पक्का कळला होता. आम्हांस उत्तर नीट देतां आलें नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस जें समाधान झालें, तें आमच्या नोकरीच्या सबंध काळांत कोणत्याहि परीक्षेच्या निकालानें झालें नव्हतें.