नांदेडचा वैमानिक आजारी पडला तर?

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान धरायचे तर नांदेड गाठायचे. वाटेतल्या वारंगा फाट्यावर पोहोचावे आणि मोबाइलवर निरोप यावा, वैमानिकाच्या प्रकृतीमुळे विलंब. गाडीतला पहिला शेरा ठरलेला: "एवढ्या कंपनीला दुसरा पायलट मिळत नाही?"

मिळतो, पण तो नांदेडला बसलेला नसतो. राखीव, म्हणजे स्टँडबाय वैमानिक कंपन्या आपल्या मुख्य तळांवर ठेवतात. छोट्या विमानतळावर विमान येते आणि थोड्या वेळात बहुधा तेच वैमानिक ते पुढे नेतात. कुणी तळावरच आजारी असल्याचे कळवले, तर राखीव माणूस तिथेच चढतो. नांदेडच्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही.

पंचाईत होते ती वैमानिक तळापासून दूर, मुक्कामी असताना. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरला इंडिगोचा एक वैमानिक पुण्याच्या विमानाकडे जाताना बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. आदल्या दिवशी पहाटेची दोन उड्डाणे केल्यावर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती. नागपूरला दिवसभर विमाने असतात, बदली माणूस त्यातल्या एखाद्यात प्रवासी म्हणून बसवून आणता येतो. मोजकीच उड्डाणे असलेल्या गावी पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचेही असू शकते. हैदराबादहून मोटारीने धाडावा, तर नांदेड पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय उतरल्यावर लगेच विमान उडवायचे असेल, तर येण्यात गेलेले तासही त्याच्या ड्युटीत मोजले जातात. तोवर ठणठणीत असलेल्या दुसऱ्या वैमानिकाची ड्युटीच्या तासांची मर्यादाही संपत येते. म्हणजे माणूस मिळूनही विमान अडू शकते, आणि प्रवाशांना नेमके हेच कुणी सांगत नाही.

बरे, कुठलाही वैमानिक चालत नाही. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेत सुरू झालेली ट्रूजेटची नांदेड–हैदराबाद सेवा पंख्याच्या एटीआर विमानाची होती. पुढे २०२४ पासून आलेली स्टार एअर एम्ब्रेअर जेट चालवते. एकाचे प्रशिक्षण दुसऱ्याला पुरत नाही. कॅप्टन आजारी पडला, तर कॅप्टनच हवा. सहवैमानिकाला बढती देऊन भागत नाही.

"साध्या सर्दीला कसली सुट्टी?" हाही आवडता प्रश्न. उंचावर केबिनमधला हवेचा दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका कमी असू शकतो. उतरताना तो वाढतो, तेव्हा चोंदलेल्या नाकाने कान-कपाळात असह्य कळा येतात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते. बरे नसताना न उडणे हा वैमानिकाचा लाड नाही, त्याच्यावरचे बंधन आहे.

एकटा वैमानिक विमान उतरवू शकतो, हे खरे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत फिनिक्सहून बोस्टनला जाताना कॅप्टन वारला आणि सहवैमानिकाने सिराक्यूजला विमान सुखरूप उतरवले. पण ती आणीबाणी होती. जमिनीवरून एकट्याने निघण्याची मुभा नाही.

आजारपणाआड संप लपतो, ही शंकाही अगदीच निराधार नाही. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले होते. मात्र डिसेंबर २०२५ मधला इंडिगोची उड्डाणे रद्द होण्याचा गोंधळ वेगळा. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्री विमान उतरवण्यावरची मर्यादाही कडक झाली, आणि त्या हिशेबाने माणसे जुळवलेली नव्हती.

कारण काहीही असो, विमान रद्द झाले, तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान यांतली निवड प्रवाशाची असते. आणि हिंगोलीहून निघण्यापूर्वी नांदेडकडे येणारे विमान आधीच्या विमानतळावरून सुटले का, तेवढे बघून घ्यावे.