जहाज बुडालं, नाव राहिलं : 'आयएनएस खुकरी'ची गोष्ट

नौदलाचं जुनं जहाज गेलं की अनेकदा काही वर्षांनी त्याच नावाचं नवं जहाज समुद्रात उतरतं. नवं जहाज, मग नाव जुनंच का? 'आयएनएस खुकरी'ची गोष्ट वाचली की हे कळतं.

खुकरी म्हणजे गोरखा सैनिकांचा वाकडा सुरा. १९७१ च्या युद्धात या नावाची युद्धनौका शत्रूची पाणबुडी शोधायला मुंबईहून निघाली. सोबत 'किरपान' ही जोडीची नौका होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने टॉर्पेडो डागला. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या इंजिनावर धावणारा बॉम्ब. तो लागला आणि काही मिनिटांतच खुकरी तळाला गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, असे एकूण १९४ जण शहीद झाले.

जहाजाचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. त्यांना जीव वाचवता आला असता. पण त्यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जमेल तेवढ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः जहाजासोबतच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

जमिनीवर लढताना शहीद झालेल्या जवानाचं पार्थिव गावाकडं येतं, वेशीवर त्याचं स्मारक उभं राहतं. समुद्राच्या तळाशी गेलेल्यांच्या घरी बहुतेक वेळा काहीच परत येत नाही. म्हणूनच नौदल त्यांच्या जहाजाचं नाव जिवंत ठेवतं.

दुसरी खुकरी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला तिथं हजर होत्या. ३२ वर्षं सेवा करून डिसेंबर २०२१ मध्ये ही नौका निवृत्त झाली.

'विक्रांत'चंही असंच. पहिली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि पुढं भंगारात गेली. पण २ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच नावाची, भारतातच बांधलेली विमानवाहू नौका कोचीत नौदलात आली.

निवृत्तीनंतर दुसरी खुकरी मात्र भंगारात गेली नाही. स्मारक म्हणून जपण्यासाठी ती दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. दीवच्या किनाऱ्यावर पहिल्या खुकरीचंही स्मारक आहे, तोंड समुद्राकडं करून. ते १९४ जण त्याच समुद्रात आहेत.